परतीची केबल

आमच्या धंद्यात स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, हे मी इतक्या लोकांना सांगून झालंय की आता कोणी विचारलं तर राग येतो. स्विच म्हणजे एक चपटा लोखंडी डबा. इमारतीतल्या कॉम्प्युटरच्या, फोनच्या, कॅमेऱ्यांच्या वायरी त्यात येऊन मिळतात आणि कोणाचा निरोप कोणाकडे पाठवायचा ते तो ठरवतो. याहून जास्त समजावून सांगायची माझी तयारी नसते. बाबांची असायची.

बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबांवर चढून चढून गुडघे गेले, तशी वेळेआधीच निवृत्ती घेतली आणि वर्ध्याला राहून आसपासची नेटवर्कची कामं घ्यायला लागले. मी डिप्लोमा करून नागपूरच्या एका कंपनीत होते. तिथं साहेबाशी माझं पटलं नाही. पटण्यासारखा तो नव्हताच. घरी आले, चार दिवस मदत म्हणून बाबांच्या व्हॅनमध्ये बसले, ती बसलेच. बाबा वायरी ओढायचे, रॅक उभा करायचे आणि गिऱ्हाइकाशी बोलायचे. लॅपटॉप उघडून आतली सेटिंग करायची ती मी. गिऱ्हाईक मात्र सगळे प्रश्न बाबांना विचारायचं, आणि चहाचा ट्रे आला की तो सगळ्यांना द्यायला माझ्याकडे बघायचं.

हिंगणघाटला एका खाजगी हॉस्पिटलची नवी इमारत झाली तेव्हा तिथलं काम आम्हाला मिळालं. आमच्यासाठी ते मोठंच होतं. तीन मजले, प्रत्येक वॉर्डात फोन, जागोजागी कॅमेरे, आणि तळमजल्यावरच्या लॅबमधून वर जाणारे रिपोर्ट. हॉस्पिटलचा कारभार बघणाऱ्या मॅडम होत्या, बोलायला सौम्य पण कामात पक्क्या. त्यांच्या टेबलावर बाबांनी कंपनीचं माहितीपत्रक उलगडलं आणि चष्मा लावून त्यातलं एकेक वाक्य ते आपल्या भाषेत सांगायला लागले.

"हे पाहा मॅडम, याले अठ्ठेचाळीस तोंडं हायेत. ज्या वायरीतून आवाज जाते त्याच वायरीतून फोनले करंटबी जाते, वेगळं प्लग लावाचं काम नाई. असे चार डबे एकावर एक ठेवाचे अन् मांगून जोडाचे. जोडले का मंग थे चार नाई राह्यत. बाहेरच्याले एकच दिसते. पत्ताबी एकच."

"आणि त्यातला एखादा बंद पडला तर?" मॅडमनी विचारलं.

"बाकीचे सांभाळून घेतात. त्यातला एक मुख्य असते. थो गेला तं दुसरा मुख्य होते. कोनाले मालूमबी पडत नाई."

पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की पंचेचाळीस डिग्रीपर्यंत हे यंत्र चालेल. बाबांनी त्यावर बोट ठेवलं. "हे लिहिनारा मे महिन्यात इकडं आला नाई. खोलीत एसी लागनच." मॅडम हसल्या आणि काम पक्कं झालं. मी बाजूला बसून होते. मला बाबांचा अभिमान वाटला होता, हे सांगायला मला काही लाज नाही.

या डब्यांना मागच्या बाजूनं दोन-दोन खास तोंडं असतात, एकमेकांना जोडायची. पहिल्याचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला, तिसऱ्याचं चौथ्याला. मग चौथ्याकडून एक केबल परत वर पहिल्याला न्यायची, म्हणजे कडं पूर्ण होतं. कुठं तुटलं तर निरोप उलट्या बाजूनं फिरून पोचतो. या शेवटच्या केबलला बाबा परतीची केबल म्हणायचे. तिची एक खोड आहे. ती लावली नाही तरी सगळं चालतं. दिवे हिरवे असतात, फोन लागतात, कोणाला काही उणं दिसत नाही. ती नाही हे कळतं ते मधलं काही बिघडल्यावरच.

आणि नेमकी हीच केबल बाबा मुद्दाम मागे ठेवायचे. ही त्यांनीच पाडलेली पद्धत. काम झालं की रॅकला हळदीकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आणि परतीची केबल मालकाच्या नाहीतर त्याच्या घरच्या मोठ्या माणसाच्या हातानं लावून घ्यायची. सिंदीच्या एका जिनिंग फॅक्टरीत त्यांनी शेटजींच्या म्हाताऱ्या आईला बोलावलं होतं आणि ती केबल चक्क ताटात ठेवून मला ते ताट धरायला लावलं होतं. मी कुरकुर केली होती की आपण काय वास्तुशांत करायला आलोय का. बाबा म्हणाले होते, "लोकाच्या घरात आपन वायरी घालून जातो. घर त्याईचं हाय, शेवटचा हात त्याईचा पाह्यजे."

हिंगणघाटच्या मुहूर्ताला मी दुसऱ्या मजल्यावर होते. सिस्टरांच्या टेबलावरचा एक फोन बोलत नव्हता, तो बघत होते. खाली आले तोवर नारळ फुटला होता. डॉक्टरसाहेबांच्या घरची मंडळी, मॅडम, दोन-चार सिस्टर, सगळे पेढा-खोबरं खात गप्पा मारत होते. रॅकच्या काचेवर कुंकवाची बोटं होती आणि दार कुलूप लावून बंद होतं.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," बाबा म्हणाले.

लॅपटॉपवर मला चारही डबे दिसत होते, एका पत्त्याखाली, शहाण्यासारखे. कडं पुरं आहे की अर्धं, ते आपण विचारल्याशिवाय तो सांगत नाही. आणि बाबांनी 'झालं' म्हटल्यावर पुन्हा विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. मी पेढा खाल्ला आणि आम्ही घरी आलो.

उन्हाळा सरता सरता एका सकाळी मॅडमचा फोन आला. वॉर्डातले फोन बंद, रिपोर्ट वर दिसत नाहीत, लवकर या. बाबांनी व्हॅन काढली. हॉस्पिटलच्या जिन्यावर सिस्टर कागद हातात घेऊन खालीवर पळत होत्या. लॅबच्या खिडकीशी एक माणूस चिडून म्हणत होता, "वरतं म्हनतात खाली इचारा, खाली म्हनतात वरतं पाठोला. माहा मानूस तिकडं पडून हाय." त्या माणसाकडे बघायची मला हिंमत झाली नाही. आमच्या कामावर कोणाचं तरी दुखणं अडून राहिलंय, ही गोष्ट तोवर कधी इतक्या जवळून बघितली नव्हती.

दुसऱ्या नंबरचा डबा गेला होता. आतला पॉवर सप्लाय जळला होता, आणि तसं होऊ शकतं, त्यात कोणाचा दोष नाही. पण त्यानं बाकीचं बंद पडायला नको होतं. वरचा एक वेगळा पडला होता आणि खालचे दोन वेगळे. दोन्हीकडे आपापला मुख्य तयार झाला होता आणि दोघंही त्याच एका पत्त्यावर हक्क सांगत होते, म्हणून निरोप कुठेच धड पोचत नव्हते. मी टॉर्च घेऊन रॅकच्या मागे वाकले. चौथ्या डब्याचं एक तोंड रिकामं होतं. पहिल्याचंही.

परतीची केबल तिथं नव्हती.

मी आधी काम केलं. मेलेल्या डब्याला वगळून उरलेल्या तिघांना एकमेकांना जोडलं, मेलेल्याच्या वायरी जागा असेल तिथं हलवल्या, आणि फोन पुन्हा वाजायला लागले. मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"तुम्ही म्हणाला होतात, एखादा बंद पडला तर कोणाला कळणारही नाही."

बाबा रॅकच्या मागून ती रिकामी तोंडं बघून आले होते. पुसायचं फडकं हातात होतं, ते त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं.

"पोरीकडून राह्यली मॅडम," ते म्हणाले. "म्या तिले सांगतलं होतं, शेवटची केबल तू लावजो म्हून."

बाबा मला रागावलेत, भर दुकानात ओरडलेत, एकदा तर माझ्या अंगावर पक्कड फेकायला निघाले होते. पण गिऱ्हाइकापुढे त्यांनी मला कधी खाली बघायला लावलं नव्हतं. मला मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यापुढे लक्ष ठेवा. इथं पेशंट असतात." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? माझा बाप खोटं बोलतोय म्हणून?

व्हॅनमध्ये बसल्यावर मात्र मी तोंड सोडलं. हिंगणघाट मागे पडेस्तोवर मीच बोलत होते. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. बाबा गाडी चालवत ऐकत होते. मग शांतपणे म्हणाले, "तू काऊन चिडून राह्यली बाई? तूच तं लावनार होती. ताट धरून उभी होती तू. पिवळा डिरेस होता. बुढीनं केबल उचलली अन् तुह्या हाती देल्ली. म्हने, तूच लाव माय, मले करंटचा भेव वाटते. आठोन कर."

मी आठवण केली. सगळं खरं होतं. ताट खरं, पिवळा ड्रेस खरा, म्हातारीचे शब्दही तेच.

"बाबा, ते सिंदीचं आहे," मी म्हणाले. "जिनिंगमधलं. खूप वर्षं झाली त्याला. तिथली केबल मी लावली होती. हिंगणघाटला मी वरच्या मजल्यावर होते. मी नव्हतेच तिथं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. अल्लीपूरकडे जाणाऱ्या फाट्याच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले आणि मागच्या टायरपाशी जाऊन उभे राहिले. टायरला काही झालं नव्हतं. परत येऊन बसले आणि त्यांनी गाडी वर्ध्याच्या रस्त्याला लावली. माझा सगळा राग उतरला होता आणि त्याच्या जागी जे आलं होतं त्यापेक्षा राग बरा होता.

घरी बाबा हातपाय धुवायला गेले तेव्हा मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. ती भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. तिनं हात थांबवला नाही.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

"काय मालूम आहे?"

"मांगच्या दिवाळीपासून पाहून राह्यली मी. बजारात गेले का गाडी कुठी ठेवली थे आठोत नाई. मले फोन करतात, गाडी चोरी गेली म्हनतात. मी इकडून सांगतो, तिथंच पाहा, पिंपळापाशी." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "नागपूरले डॉक्टरकडं गेलतो आमी. तू कारंजाले कामावर होती त्या रोजी. त्याईले सांगतलं बीपीसाठी आलो म्हून. डॉक्टरनं मले बाहेर घेऊन सांगतलं. हे वाढत जाते म्हने. औषधानं हळू वाढते, पन वाढते."

मी तिच्यावर भडकले. इतके महिने माझ्यापासून लपवलं, आणि मी त्यांना हॉस्पिटलच्या वायरींत हात घालू देत होते.

"तं काय करू?" आई म्हणाली. "घरी बसवू? दुसरं काय हाय त्याईच्या जवळ? कामावर जातात, चार मानसं बोलतात, तं मानूस मानसात हाय. घरी बसले तं जे उरलं थेबी जाईन. तू त्याईले काई बोलू नको. संगं नेत जा अन् तूच पाहून घेत जा मांगून."

"आणि तिथं कोणाच्या जिवावर बेतलं तर?"

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. बाबा टॉवेलनं तोंड पुसत आले. त्यांनी विचारलं, भाजी कशाची केली. आई म्हणाली वांग्याची. ताट वाढेपर्यंत त्यांनी आणखी एकदा विचारलं. मी आधीही असं कितीदा ऐकलं असेल आणि म्हातारपणाची सवय म्हणून सोडून दिलं असेल.

पुढचे दिवस मी जगले ते चोरासारखे. बाबा एखादं काम करून पुढे गेले की मी मागून जाऊन बघायची. वायर नीट बसली का, कुलूप लावलं का, पायरीवर पक्कड राहिली का. बहुतेक वेळा सगळं बरोबर असायचं. हात अजून तेच होते, सरळ आणि न चाचपडता चालणारे. मग मला वाटायचं, डॉक्टरला काय कळतं. आणि दुसऱ्या दिवशी ते एखाद्या दुकानात शिडीवर चढून वरच थांबायचे, हातातल्या वायरीकडे बघत, आणि मी खालून म्हणायची, "बाबा, कॅमेऱ्याची आहे ती," जसं काही मी सहजच बोलतेय. त्यांना एकट्यानं काम देऊ नये हे मला कळत होतं. त्यांच्याकडून काम काढून घेणं मला जमत नव्हतं. आणि या दोन्हींच्या मधे ते हॉस्पिटल होतं, जिथं जळालेल्या डब्याच्या जागी नवा बसवायचा होता.

अशा एकत्र जोडलेल्या डब्यांपैकी प्रत्येकाला मुख्य होण्याचा क्रम लावून देता येतो. नव्या आलेल्याला कितीही वरचा क्रम दिला तरी जुना मुख्य चालू आहे तोवर नवा त्याची जागा घेत नाही. जोडलेला राहतो आणि वाट बघतो. माहितीपत्रकात हे वैशिष्ट्यांच्या यादीत आहे. ज्यानं कोणी ते लिहिलं त्याच्याशी मला त्या दिवसांत दोन शब्द बोलायचे होते.

नवा डबा आला. मी तो घरी तपासला, आतलं सॉफ्टवेअर बाकीच्यांच्या बरोबरीचं करून घेतलं आणि बंद करून खोक्यात ठेवला. तो बसवायचा एक साधा नियम आहे आणि तो मला बाबांनीच शिकवला होता. आधी केबल, मग करंट. डबा बंद असताना जोडायचा आणि जोडल्यावर चालू करायचा, म्हणजे तो गुपचूप बाकीच्यांत सामील होतो. आधीच चालू केला तर तो स्वतःला मुख्य समजून बसतो. असे दोन मुख्य एकमेकांना जोडले की त्यांच्यात ठरतं कोण राहणार, आणि हरलेल्या बाजूचं सगळं बंद होऊन पुन्हा सुरू होतं. रिकामा नवा डबा जिंकला तर अख्ख्या हॉस्पिटलचे फोन आणि रिपोर्ट पुन्हा गेले समजायचे.

मी बाबांना म्हटलं, छोटं काम आहे, मी एकटी जाऊन येते. ते आधीच व्हॅनपाशी उभे होते.

"बाकीचं सोड," ते म्हणाले. "तिथं आपलं नाव खराब झालं हाय. मी येतो."

हॉस्पिटलमध्ये नेहमीची सकाळ चालू होती. मॅडम स्वतः रॅकच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या. त्यांना घाई नव्हती पण विश्वासही नव्हता, आणि मी त्यांना दोष देत नाही. बाबांनी खोकं उघडलं, डबा रॅकमध्ये सरकवला, चारही स्क्रू बसवले. सुरेख बसवले. मग ते मागच्या बाजूला गेले. मी पुढे स्टुलावर लॅपटॉप उघडून बसले होते आणि मनात म्हणत होते, आता केबल. आधी केबल.

पंखा फिरल्याचा आवाज आला. नव्या डब्याचे दिवे एकेक करून पेटायला लागले. त्यांनी करंट आधी दिला होता.

"बाबा, थांबा," मी म्हणाले. "केबल लावू नका."

मी उठून मागे गेले. त्यांच्या हातात जोडायची केबल होती, एक टोक चालू डब्याच्या तोंडाशी. अजून एक बोटभर पुढे गेलं असतं तर लागली असती. ते तसेच थांबले होते. माझ्याकडे बघत होते, आणि आपलं काहीतरी चुकलंय पण काय ते सापडत नाही, असं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

"काही अडचण आहे का?" मॅडमनी दारातून विचारलं.

माझ्या तोंडात खोटं तयार होतं. कितीतरी दिवस तेच तर करत होते मी. "नाही मॅडम, आधी चालू करून तपासतोय, असंच—"

"नाई," बाबा म्हणाले.

ते केबल हातात तशीच धरून रॅकच्या मागून बाहेर आले.

"मॅडम, म्या चुकलो. मले आता ध्यान नाई राह्यत. करत करत हातातलंच निघून जाते." ते सावकाश बोलत होते, टेबलावर माहितीपत्रक उलगडून बोलायचे तसे. "त्या रोजीची केबलबी मीच इसरलो होतो. पोरगी खाली नोतीच. तिचं काई नोतं त्यात. म्या तिच्यावर ढकललं. थे तिनं आयकून घेतलं. यापुढं फोन तिलेच करत जा."

मॅडम काय म्हणाल्या ते मला नीट आठवत नाही. "बरं काका," असंच काहीतरी म्हणाल्या आणि त्यांनी एका सिस्टरला खुर्ची आणायला लावली. बाबा खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी केबल माझ्या हातात दिली आणि बाजूला भिंतीशी उभे राहिले. मी नवा डबा बंद केला, केबली लावल्या, मग करंट दिला. चारही डबे एक झाले. मी लॅपटॉपला विचारलं, कडं पुरं आहे का. पुरं होतं.

व्हॅनपाशी आल्यावर बाबांनी खिशातून किल्ली काढून मला दिली आणि ते पलीकडच्या दारानं आत बसले. मी त्यांना कधी त्या बाजूला बसलेलं पाहिलं नव्हतं. गुडघे कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

गावाबाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तू सिंदीचं सांगतलं तवापासून. त्याच्या पह्यलेबी वाटत होतं." ते बाहेर बघत होते. "तुह्या आईले सांगू नको."

मी गाडी चालवत राहिले.

"तिले काईच मालूम नाई," ते म्हणाले. "समजलं तं भेईन, अन् मले घराबाहेर पडू देनार नाई. काम तू कर. मी हात नाई लावत कशाले. फक्त संगं नेत जाजो मले. गाडीत बसून राह्यीन."

मला रडू येत होतं आणि समोरून ट्रक येत होते. "नेईन," मी म्हणाले.

ते जरा सैल होऊन बसले. "उद्या कुठी जाचं हाय आपल्याले?"

"कारंजाला. ढाब्यावर कॅमेरे लावायचेत."

"हो, कारंजाले," ते म्हणाले. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी काचेबाहेर बघत पुन्हा विचारलं, "उद्या कुठी जाचं हाय?"

मी रागीट आहे. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागली की माझा आवाज चढतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

"कारंजाला, बाबा," मी म्हणाले. "ढाब्यावर कॅमेरे लावायचेत."